साडेचार वर्षांची लेक आणि अडीच तासांचा सिनेमा

मावशी, नमस्कार. आम्ही सेलूला राहतो. मुलगा आठ वर्षांचा, लेक साडेचारची. दिवाळीत माहेरी संभाजीनगरला गेलं की माझा भाऊ सगळ्यांना एकदा मॉलमधल्या थिएटरात नेतोच. गेल्या वर्षी रात्री साडेनऊचा शो होता, मारधाडीचा सिनेमा. जाहिराती चालू होत्या तेव्हाच लेकीनं कानांवर हात ठेवले. पुढं एक चांगला म्हातारा एकदम राक्षसासारखा होतो, ते बघून अशी किंचाळली की मागचे लोक बोलायला लागले. मी तिला घेऊन बाहेर आले, ती सिनेमा सुटेपर्यंत बाहेरच. त्यानंतर पंधरा दिवस ती एकटी बाथरूमला जाईना. आता भावाचा फोन आलाय, तिकिटं किती काढू म्हणून. आमचे हे म्हणतात, घरी मोबाइलवर तासन्‌तास बघते, तिथं काय होतंय तिला? सासूबाई म्हणतात, आम्ही यात्रेत तंबूतले सिनेमे लेकरं मांडीवर घेऊनच बघितले. जाऊबाईंचा तीन वर्षांचा मुलगा तर अख्खा सिनेमा गप बसून होता. मग माझीच लेक हट्टी आहे का? लेकराला थिएटरात कितव्या वर्षी न्यावं?
— एक आई, सेलू

ताई, तुमची लेक हट्टी नाही. दुखत होतं म्हणून तिनं कान झाकले, भीती वाटली म्हणून ती ओरडली. तेव्हा तर ती साडेतीनचीच होती. तेवढ्या लेकरानं यापेक्षा शहाण्यासारखं काय करायचं? भावाचा फोन आलाय म्हणून आधी त्याचं उत्तर देते: रात्रीच्या शोला यंदा तिचं तिकीट काढू नका. अडीच तासांचा मोठ्यांचा सिनेमा बहुतेक लेकरांना सहा-सात वर्षांच्या आधी झेपत नाही. लेकरांसाठीच काढलेला, दीड तासाचा, शांत सिनेमा असेल तर पाचव्या वर्षी बघायला हरकत नाही. चारच्या आत मी नेत नसते. दोनच्या आतल्या लेकराला तर थिएटरच्या दारापाशीसुद्धा नेऊ नये, मग ते झोपलेलं का असेना. पण हे आकडे ढोबळ आहेत आणि तुमच्या पत्रात घरातले तीन दाखले आलेत, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

कानांपासून सुरू करते, कारण घरातले सगळे त्याला नखरा समजतात. सिनेमागृहाची यंत्रणा लावताना पडद्यामागच्या एकेका स्पीकरचा आवाज ऐन भरात १०५ डेसिबलपर्यंत जाईल, असं धरून ती लावलेली असते. खर्जातला धडधडाट त्याच्याही वर जातो. कारखान्यात आठ तास काम करणाऱ्या माणसाच्या कानांसाठी तज्ज्ञ ८५ डेसिबल ही मर्यादा धरतात, त्यावरून अंदाज घ्या. सिनेमा काही सारा वेळ त्या टोकाला नसतो, आणि प्रत्येक थिएटरवाला आवाज आपापल्या हिशोबानं कमी-जास्त करतो. पण मारामारी, स्फोट आणि आधीच्या जाहिराती यांत तो टोकाला जाऊन येतो. मोठ्या माणसाला तो छातीत जाणवतो आणि मजा वाटते. लेकराला तो कुठून आला हेच कळत नाही. मागून, वरून, बाजूने येतो, आणि समोर बघावं तर अंधार. तुमच्या लेकीनं जाहिरातींनाच कान झाकले, म्हणजे सिनेमा सुरू व्हायच्या आधीच ती अर्धी दमली होती.

आता तो म्हातारा. अमेरिकेत जोआन कँटर नावाच्या संशोधक बाईंनी लेकरांना पडद्यावरच्या कशाची भीती वाटते यावर आयुष्यभर काम केलंय. १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडं टीव्हीवर एक मालिका लागायची. त्यात एक साधा, सज्जन माणूस रागावला की हिरवा, अवाढव्य हल्क व्हायचा आणि मग दुष्टांना धडा शिकवायचा. मोठ्या मुलांना माहीत होतं की हा हिरवा आपल्या बाजूचा आहे, पण बालवाडीच्या वयातली पोरं नेमकी तो बदलला की सगळ्यात जास्त घाबरायची. या वयात दिसतं ते खरं. माणूस चांगला की वाईट, तो पुढं काय करणार, हे लेकरू नंतर बघतं. आधी त्याचा चेहरा बघतं. तुमच्या लेकीसमोर अगदी तेच घडलं. ओळखीचा झालेला चेहरा डोळ्यांदेखत मोडला.

आपल्याकडं दारात पोतराज आला की असंच होतं. आजी सांगते, बाळा तो मरीआईचा माणूस आहे, काही करत नाही. लेकरू आजीच्या लुगड्यामागून बाहेर येत नाही. कमरेचे घुंगरू, मोकळे केस, कपाळभर कुंकू आणि हातातला तो कोरडा, म्हणजे आसूड, सपकन वाजला की संपलं. मात्र तोच पोतराज ओट्यावर टेकून चहा प्यायला लागला, बशीतून फुर्र करून, की लेकरू हळूहळू जवळ येतं आणि घुंगराला बोट लावून बघतं. सिनेमातला राक्षस चहा प्यायला थांबत नाही, अडचण तिथं आहे.

म्हणून ‘अगं ते खोटं असतं’ हे वाक्य साडेचार वर्षांच्या पोरीला सांगून उपयोग होत नाही. आठ वर्षांच्या मुलाला होतो, कारण त्याला खोटं म्हणजे नट, रंग, कॉम्प्युटर हे कळायला लागलेलं असतं. धाकटीला तुमचा हात लागतो, मांडी लागते, तोंड लपवायला पदर किंवा ओढणी लागते. तुम्ही तिला उचलून बाहेर नेलंत, ते बरोबरच केलंत. काही घरांत अशा वेळी ‘बघ, बघ, काही होत नाही’ म्हणून लेकराचं तोंड पडद्याकडं वळवतात. तसं कुणी करू लागलं तर सरळ हात धरा.

पंधरा दिवस बाथरूमला एकटी न जाणं, याचं फार वाईट वाटून घेऊ नका. या वयात असं होतं आणि ओसरतं. तिच्याकडून त्या म्हाताऱ्याचं चित्र काढून घेता आलं असतं, त्याला टोपी घालता आली असती, त्याचं नाव ठेवता आलं असतं. आताही विषय निघाला तर करून बघा. बाथरूमचा दिवा लावून दारात उभं राहायचं आणि रोज एक पाऊल मागं सरकायचं. फक्त ‘एवढी मोठी झालीस आणि भित्री कुठली’ हे घरात कुणी म्हणायचं नाही. एखाद्या लेकराची झोप महिना-महिना मोडत असेल, दचकून उठणं थांबत नसेल, तर मग बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

तुमच्या यजमानांचा मुद्दा घेऊ. मोबाइल तासन्‌तास बघते, मग थिएटरात काय होतंय. मोबाइल तिच्या तळहाताएवढा असतो. नको वाटलं की ती बोटानं सरकवते, आवडलं की तेच गाणं सतराव्यांदा लावते, कंटाळली की पालथा टाकून अंगणात पळते. मालकीण ती असते. थिएटरात बटण तिच्या हातात नाही, दार कुठं आहे ते दिसत नाही, आणि गोष्ट तिच्यासाठी थांबत नाही. शिवाय पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांची सवय लागलेल्या लेकराला दोन तास एकच गोष्ट धरून ठेवणं उलट जड जातं. म्हणजे मोबाइल जास्त बघणं ही थिएटरची तयारी झाली, असं मुळीच नाही. आणि विषय निघालाच आहे तर सांगून टाकते: भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं दोन ते पाच वर्षांच्या लेकरांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितलाय, आणि दोनच्या आत व्हिडिओ कॉल सोडला तर काहीच नाही. वर्षातून एखादा सिनेमा या हिशोबात धरून स्वतःला बोल लावू नका. रोजचे तासन्‌तास मात्र धरा, आणि हे वाक्य यजमानांना वाचून दाखवा.

सासूबाई म्हणतात तेही खोटं नाही. माळेगावच्या यात्रेत असो की गावच्या जत्रेत, तंबूतला सिनेमा मराठवाड्यातल्या कितीतरी बायांनी कडेवर लेकरू घेऊनच बघितलाय. पण त्यांच्याजवळ एकदा निवांत बसा आणि तो तंबू कसा होता ते विचारा. खाली माती, वर कापड. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला. मध्येच रीळ तुटायचं, उजेड व्हायचा, शिट्ट्या पडायच्या, लोक बोलत राहायचे. भोंग्यातून येणारा आवाज बाहेरच्या पाळण्यांच्या आणि भेळवाल्यांच्या आवाजात मिसळून जायचा. लेकरू रडलं की बाई कापड उचलून बाहेर, चांदण्यात. थोड्या वेळानं परत आत, कुणी विचारत नसे. आणि मुख्य म्हणजे लेकरं सिनेमा बघत नव्हती. ती आईच्या मांडीवर झोपत होती, सिनेमा आई बघत होती. सासूबाईंच्या काळच्या थिएटरात लेकराला हवं तेव्हा निघून जाता येत होतं. आजचं थिएटर बंद डब्यासारखं आहे. तिकीट महाग म्हणून आईला उठवत नाही, आणि उठलं तर अख्ख्या रांगेला पाय आखडायला लावावे लागतात. तुम्ही हे सासूबाईंना असं विचारत विचारत सांगितलंत तर त्या तुमच्याच बाजूनं बोलायला लागतील, असा माझा अंदाज आहे.

जाऊबाईंच्या मुलाबद्दल थोडक्यात. गप बसणं आणि मजेत बघणं या वेगळ्या गोष्टी. काही लेकरं घाबरली की ओरडतात, काही थिजतात. पुढच्या वेळी पडद्याऐवजी त्याच्या मुठींकडं बघा. मुठी सैल आणि तोंडावर हसू असेल तर त्याला खरंच आवडतंय. बाकी जावा-जावांत लेकरांची तुलना करायला लागलात तर ती सिनेमापाशी थांबत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग लेक तयार झाली हे ओळखायचं कसं? घरीच एक प्रयोग करा. रविवारी दुपारी टीव्हीवर लेकरांचा दीड तासाचा एखादा सिनेमा लावा. खिडक्या ओढून घ्या, सगळ्यांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत. मध्ये एकदाच थांबायचं, इंटरव्हल म्हणून. ती किती वेळ बसली यापेक्षा कशी बसली ते बघा. चुळबूळ करून, मध्येच पालथी पडून, पुन्हा उठून बघत असेल तर चालतंय. विषयच सोडून खेळायला गेली, तर अजून वेळ आहे. दुसऱ्या दिवशी भाकरी करताना तिला विचारा, काल काय झालं गं त्या गोष्टीत? ‘आधी ते हरवलं, मग ते रडलं, मग त्याला मित्र भेटला’ एवढं जरी आलं, तरी गोष्ट तिच्या हाताला लागली. नुसता ‘एक कुत्रा होता’ एवढाच तुकडा आला, तर बाकीचा वेळ तिनं नुसता उजेड बघितला. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे सिनेमा चालू असताना ‘मला हे नको’ असं ती तोंडानं म्हणते का. जे लेकरू असं म्हणू शकतं, ते थिएटरात न्यायला सोपं. ज्याला ते म्हणता येत नाही, ते किंचाळतं किंवा ओलं करतं.

शाळेतल्या गॅदरिंगला ती कशी बसते यावरूनही अंदाज येतो, कारण तिथंही अंधार असतो, स्पीकर असतात आणि गर्दी असते. सप्ताहातल्या कीर्तनावरून मात्र काही धरू नका. तिथं सगळीच लेकरं अर्धा वेळ मंडपाबाहेर असतात.

सिनेमा कोणता, हे ठरवताना आधी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र बघा. २०२४ च्या नव्या नियमांपासून पूर्वीच्या सरसकट ‘यूए’चे तीन भाग झालेत: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. तिकीट काढताना सिनेमाच्या नावाजवळच हे लिहिलेलं असतं. आकड्याच्या आतल्या वयाच्या मुलांना आई-वडिलांनी विचार करून दाखवावा, असा त्याचा अर्थ. दारावर कुणी अडवेलच असं नाही, म्हणून तर विचार तुम्हाला करायचाय. ‘ए’ प्रमाणपत्राला मात्र अठराच्या आतल्यांना प्रवेशच नाही. पण ‘यू’ लिहिलंय म्हणून डोळे झाकून जाऊ नका. ‘यू’ म्हणजे सगळ्यांनी बघितला तर आक्षेप नाही, एवढंच. साडेचार वर्षांच्या पोरीला तो कळेल, रुचेल असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही. लेकरांच्या कितीतरी सिनेमांत आई मरते, पिल्लू हरवतं, गाय-बैल विकले जातात. ते वाईट नाही, रडणंही वाईट नाही. फक्त तुम्हाला आधी माहीत हवं. म्हणून जो सिनेमा दाखवायचा, तो ओळखीतल्या कुणीतरी आधी बघितलेला असावा आणि तुम्ही त्याला सरळ विचारावं: कुणी मरतं का, कुणी एकदम अंगावर येतं का, शेवट काय होतो? गोष्ट आधी फुटली तर मजा जाते, हे मोठ्यांचं. लेकराला शेवट आधी सांगितलात तर ते जास्त धीटपणे बघतं. तिला झोपताना तीच गोष्ट रोज ऐकायची असते ना, त्यातलाच प्रकार.

पहिला सिनेमा शक्यतो मॉलमध्ये नको. सेलूत किंवा परभणीत जुनं टॉकीज चालू असेल आणि तिथं लेकरांचा सिनेमा लागला, तर तेच बरं. तिकीट परवडणारं, गर्दी कमी, आणि अर्ध्यातून उठलं तरी जिवाला लागत नाही. टॉकीज बंद पडून त्याचं मंगल कार्यालय झालं असेल, जे आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी झालंय, तर मग मॉलच. पण सकाळचा किंवा दुपारचा शो. रात्री साडेनऊ ही लेकराची झोपेची वेळ आहे, त्या वेळी तिला अंगाई गायली तरी ती रडेल. दुपारची झोप झाली की जेवू घाला, मग न्या.

थिएटरात दिवे चालू असतानाच आत जा. तिला पडदा दाखवा, आपली खुर्ची दाखवा आणि बाहेर जायचं दार कुठं आहे ते दाखवा. त्यावर लावलेला दिवा अंधारातही चालू राहतो, तो दाखवून सांगा: तुला नको वाटलं की आपण त्या दिव्याकडं जायचं. राष्ट्रगीत लागलं तर उभं राहायचं असतं, हेही आधी सांगून ठेवा, नाहीतर एकदम सगळे का उठले म्हणून ती बावरते. जाहिराती सुरू झाल्या की तिला बाथरूमला घेऊन जा आणि सिनेमा सुरू होताना परत या. याला कारण आहे. सिनेमात कुणी सिगारेट ओढताना किंवा तंबाखू खाताना दाखवलं असेल तर सुरुवातीला आणि इंटरव्हलनंतर तंबाखूविरोधी फिल्म दाखवणं कायद्यानं सक्तीचं आहे. ती चांगल्यासाठीच आहे, पण त्यातली तोंडाच्या कॅन्सरची दृश्यं लेकराच्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. मुख्य सिनेमा निरागस आणि भीती मात्र त्या अर्ध्या मिनिटाची, असं झालेलं मी बघितलंय.

खुर्ची कडेची घ्या, मागच्या भागातली. पुढच्या रांगेत मान वर करून बसावं लागतं आणि पडदा अंगावर येतो. त्या दुमडणाऱ्या खुर्च्या लेकरांच्या वैऱ्यासारख्या असतात. वजन कमी पडलं की मागून बैठक उठते आणि लेकरू आत घडी होतं, गुडघे हनुवटीला. एका हातानं बैठक दाबून धरा किंवा सरळ मांडीवर घ्या. काही थिएटरांत उंच बसायची गादी मिळते, दारावरच विचारा. एसीची गारठ असते, शाल न्या. थ्रीडी पहिल्यांदा नकोच. तो चष्मा मोठ्यांच्या नाकासाठी असतो, लेकराच्या नाकावर टिकत नाही, आणि काढला की पडद्यावर सगळं दुहेरी दिसतं.

कानांवर घालायचे आवाज कमी करणारे हेडफोन मिळतात, लेकरांच्या मापाचे. ते नसतील तर कानटोपी. दिवाळीत थंडी असतेच, कुणी हसणार नाही.

खाण्याचं. बाहेरचं खाणं आत नेऊ द्यायचं की नाही, हे थिएटरवाल्यांच्या हातात आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. पण त्याच वेळी पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि आई-वडिलांसोबतच्या तान्ह्या लेकरासाठी गरजेपुरतं खाणं आत नेता आलं पाहिजे, हेही म्हटलं. साडेचार वर्षांची पोर काही तान्ही नाही, तेव्हा धपाटे घरीच खाऊन निघा. आणि पॉपकॉर्नबद्दल नीट ऐका. चारच्या आतल्या लेकराच्या घशात पॉपकॉर्न अडकण्याचा धोका असतो, तसाच शेंगदाण्यांचा आणि फुटाण्यांचा. अंधारात, अर्धं आडवं पडून, हसता हसता तोंडात टाकलं तर आणखीच. जाऊबाईंच्या तीन वर्षांच्या मुलाच्या हातात तो मोठा डबा देऊ नका. तुमच्या लेकीला एकेक द्या, सरळ बसवून.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: मी तिला घेऊन बाहेर आले ती सिनेमा सुटेपर्यंत बाहेरच. आत तुमचे यजमान होते, भाऊ होता, भावजय होती. कुणी मध्येच बाहेर येऊन ‘जा, आता तू बघ थोडा वेळ’ म्हटलं का? पत्रात तसं काही दिसत नाही. लेकरू थिएटरला तयार आहे का हा प्रश्न सगळे विचारतात. लेकरासोबत जाणारं माणूस अर्ध्यातून उठायला तयार आहे का, हे कुणी विचारत नाही. मी तर आधी तेच विचारते. उठणारं माणूस घरून निघतानाच ठरलेलं असावं, त्याच्या तोंडावर आठ्या नसाव्यात, आणि ते दर वेळी आईच असू नये. उठणारं माणूस पक्कं असेल तर पाच वर्षांचं लेकरूसुद्धा थिएटरात नेता येतं. दहा मिनिटांत परत यावं लागलं तरी काही बिघडत नाही, लेकराला एवढं कळतं की नको म्हटलं की आपलं ऐकतात. ते माणूस नसेल तर सात वर्षांच्या लेकराचेही हाल होतात. तिकिटाचे पैसे वाया जातील या भीतीनं लेकराला आत कोंडून ठेवणारी घरं मी पुष्कळ बघितली, चांगली शिकलेली, कमावती.

तर या दिवाळीला असं करा. भावाला सांगा, रात्रीच्या शोला मी, वहिनी आणि माझा मुलगा. लेकीला घेऊन यजमान घरी थांबतील. गेल्या वर्षीचा सिनेमा त्यांनी पूर्ण बघितलाय, यंदा तुमची पाळी. लेकीला ‘तू लहान आहेस म्हणून नाही’ असं सांगू नका, त्यानं ती हिरमुसते. त्या संध्याकाळी बाबांसोबत तिचा वेगळा बेत असू द्या, किल्ल्यावर मावळे मांडायचा का असेना. आणि सुट्टी संपायच्या आत तिच्यासाठी एखादा दुपारचा शो बघा, फक्त ती आणि तुम्ही दोघं. बाकी गोतावळा नको. आठ-दहा माणसांच्या घोळक्यात एकाला उठायचं असलं तरी त्याला सगळ्यांचा संकोच वाटतो.

मुलाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण आठ वर्षांचा आहे म्हणून त्याला काहीही चालेल असं धरू नका. यूए १३+ असेल तर भावाला दुसरा सिनेमा निवडायला सांगा. या वयात राक्षसाची भीती कमी होते आणि खऱ्या गोष्टींची वाढते: आग, अपघात, कुणीतरी पळवून नेणं. तो ओरडणार नाही, पण रात्री विचारेल की आपल्या घराला कडी नीट लागते का. विचारलं तर हसू नका, उठून त्याच्यासमोर कडी लावून दाखवा. आणि थिएटरमधून परत आल्यावर झोपेतल्या बहिणीला उठवून राक्षसाची नक्कल करून दाखवायची नाही, हे त्याला निघण्याआधीच बजावून ठेवा.